सोलापूरचं ऊन आणि पाच-चाळीसचं तेल

सोलापुरात गाडीच्या तेलाचा विषय निघाला की कुणीही सांगतो, "जाड टाका." मिस्त्री सांगतो, तेलाच्या दुकानातला पोरगा सांगतो, पंपावर हवा भरणाराही सांगतो. कारण सगळ्यांचं एकच, इथलं ऊन. एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४४ वर जातो, दुपारी गाडीच्या टपाला हात लावता येत नाही, तिथे पातळ तेल टिकायचं कसं? मी सोलापूरजवळच्या कुंभारीत राहतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या एका कारखान्यात मागांची देखभाल बघतो. तेल हा माझ्या रोजच्या कामातला विषय आहे, आणि माझ्याकडे फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय आहे, तिच्यावर माझा जीव आहे. त्यामुळे हा जाड तेलाचा सल्ला मला नुसता ऐकून सोडून देता आला नाही.

गाडी जुनी घेतली, पुण्याच्या नंबरची. चाकणला तयार झालेली. २०१३ मध्ये हे मॉडेल बाजारात आलं तेव्हा आमच्यासारख्यांच्या आवाक्यात येईल अशी वेगवान गाडी दुसरी फारशी नव्हती. दिसायला चारचौघींसारखी, पण बॉनेटखाली १,१९७ सीसीचं टर्बो इंजिन, पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये उडवणारे इंजेक्टर, १०५ पीएस ताकद आणि सात गिअरचा डीएसजी गिअरबॉक्स. जमिनीला पोट टेकणारी दोन दारांची स्पोर्ट्स कार आमच्या रस्त्यांवर रोज चालवता येणार नाही. ही येते, आणि मोकळ्या रस्त्यावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये ती जशी उसळते, ते सुख वेगळंच आहे.

गाडी घरी आणल्यावर पहिलं काम केलं ते तेलपट्टी ओढून बघण्याचं. तेल वरच्या खुणेच्याही वर होतं. आधीच्या मालकाने जास्त ओतलं असेल म्हणून सोडून देता आलं असतं, पण पट्टीवरचा थेंब दोन बोटांत चोळून नाकाशी नेला तर पेट्रोलचा वास. मग कारखान्यात करतो तीच तपासणी केली. टिपकागदावर एक थेंब सोडला आणि रात्रभर तसाच ठेवला. सकाळी मधे काळा ठिपका, त्याच्याभोवती करडं वर्तुळ आणि अगदी बाहेर फिकट पिवळसर कडा पसरलेली होती. ती बाहेरची कडा म्हणजे पेट्रोल. थेट इंजेक्शनच्या इंजिनात, ते थंड असताना, पेट्रोलचा काही भाग सिलिंडरच्या भिंतीवरून खाली तेलात उतरतो. इंजिन पुरेसा वेळ गरम चाललं तर ते उडून जातं. गाडी सारखी जवळच्या जवळ फिरली तर साचत जातं, तेलाची पातळी वाढते आणि तेल पातळ होतं. माझंही रोजचं जाणं-येणं तसलंच. कुंभारीतून निघालो की इंजिन नीट तापायच्या आत कारखान्याचं गेट येतं.

मिस्त्रींकडे गेलो. माणूस हाताचा पक्का आहे, आवाजावरून व्हॉल्व्हची तक्रार ओळखतो. त्यांचं उत्तर तयार होतं. "सर, पातळ झालंय ना? मग वीस-पन्नास टाका की. ऊन बघा किती हाय."

त्यांच्याशी मी जे बोललो ते इथे सविस्तर मांडतो, कारण सगळा घोळ इथेच आहे. तेलाच्या डब्यावर ५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० असं लिहिलेलं असतं. मागचा आकडा तेल १०० अंश सेल्सिअसला किती घट्ट आहे ते सांगतो. 'डब्ल्यू'च्या आधीचा आकडा थंडीत इंजिन फिरवताना ते किती आडकाठी करतं ते सांगतो. ५डब्ल्यूची परीक्षा उणे ३० अंशांवर होते, २०डब्ल्यूची उणे १५ वर. आपल्याकडे जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेच्या थंडीतही पारा शून्याच्या आसपास फिरकत नाही, म्हणून लोकांना वाटतं की हा पहिला आकडा आपल्या कामाचाच नाही. पण तेल कंपन्यांच्या माहितीपत्रकात आणखी एक मोजमाप असतं, ४० अंशांवरचं. ४० अंश म्हणजे आपली एप्रिलची दुपार! चांगलं ५डब्ल्यू-४० त्या तापमानाला साधारण ८० ते ९० सेंटिस्टोक्स भरतं. तेच तेल १०० अंशांना चौदाच्या आसपास येतं. म्हणजे सोलापूरच्या ऐन उन्हात दिवसभर उभ्या असलेल्या गाडीतलं तेलसुद्धा चालत्या इंजिनातल्या तेलाच्या सहापट घट्ट असतं. २०डब्ल्यू-५० तर ४० अंशांना दीडशेच्या पुढे जातं. ते पंपाने ओढून बारीक वाटांतून वरपर्यंत पोचवायला जास्त वेळ लागतो, आणि इंजिनाची झीज सर्वांत जास्त होते ती त्याच पहिल्या काही क्षणांत.

एकदा इंजिन तापलं की बाहेर ३० अंश आहेत की ४४, याने तेलाला फारसा फरक पडत नाही. थर्मोस्टॅट आणि रेडिएटर मिळून पाण्याचं तापमान नव्वदच्या आसपास धरून ठेवतात, तेल त्याच्या थोडं वर राहतं. तेलाला खरा चटका बसतो तो टर्बोत. तिथला दांडा मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो आणि त्याला आधार असतो तो तेलाच्या पापुद्र्याचा. एका बाजूने तापलेला धूर, दुसऱ्या बाजूने हवा, आणि मधे तेल. तिथे तेलाला सतत वाहतं राहावं लागतं. जाड तेल तिथे थबकलं, की जळून कोळशासारखं साचतं.

तेल निवडताना मी आकड्यापेक्षा डब्याच्या मागची बारीक अक्षरं आधी वाचतो. माझ्या गाडीच्या पुस्तिकेत 'व्हीडब्ल्यू ५०२ ००' ही मान्यता मागितली आहे. त्या मान्यतेच्या मागे इंजिनावर प्रत्यक्ष घेतलेल्या चाचण्या असतात, नुसती जाहिरात नसते. त्यात हेही येतं की १५० अंशांवर, जोरात घासलं जात असताना, तेलाचा पापुद्रा किती तग धरतो. टर्बोला हवं आहे ते हेच. मे २०२० मध्ये आलेला 'एपीआय एसपी' हा दर्जाही छोट्या टर्बो इंजिनांचा विचार करून केलेला आहे. कमी वेगात जोर मागितल्यावर पेट्रोल वेळेआधी पेट घेतं आणि पिस्टनला हादरा बसतो, ते टाळायला तेलातल्या रसायनांचं प्रमाण बदललं, आणि टायमिंग चेनच्या झिजेची चाचणीही त्यात आली. माझ्या इंजिनात चेन आहे, तिचा टेन्शनर तेलाच्या दाबावरच ताणून राहतो. तेव्हा डब्यावर ही दोन्ही नावं असली की ब्रँड कुठला याला मी फार महत्त्व देत नाही. 'भारीतलं द्या' असं सांगून मिळालेल्या महागड्या डब्यावर यांतलं काहीच नसेल तर ते तेल माझ्या गाडीसाठी भारी नाही.

महाग म्हणजे चांगलं हेही खरं नाही, याचा मोठा दाखला याच कंपनीच्या गिअरबॉक्सचा आहे. २०१३ मध्ये फोक्सवॅगनने जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्या परत बोलावल्या. सात गिअरच्या डीएसजीत भरलेल्या सिंथेटिक तेलामुळे, विशेषतः उष्ण आणि दमट हवेत, विजेचा भाग शॉर्ट होऊ शकत होता. उपाय म्हणून त्यात साधं खनिज तेल घालून देण्यात आलं. ही गोष्ट मी मिस्त्रींना सांगितली तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हंजे पुस्तक बघूनच टाकायचं." बस्स, एवढंच.

आणि जाड-चिकट तेलावरचा लोकांचा विश्वास उगीच आलेला नाही, हेही मला कळतं. आपल्याकडे बैलगाडीच्या आसाला एरंडेल घालत, ते तापल्या लोखंडाला घट्ट धरून राही. मोटारींच्या आणि विमानांच्या सुरुवातीच्या काळात शर्यतीच्या इंजिनांतही एरंडेलच असे. चार्ल्स वेकफिल्डच्या कंपनीने १९०९ मध्ये आपल्या तेलाला कॅस्ट्रॉल हे नाव दिलं तेही एरंडाच्या इंग्रजी नावावरून. पण एरंडेल इंजिनात चिकट थर सोडायचं, शर्यत झाली की इंजिन उघडून साफ करावं लागे. जुन्या, सैल इंजिनांना जाड तेल मानवतं. आजच्या इंजिनातल्या फटी फार बारीक असतात.

तेल मी घरीच बदलतो. सकाळी गाडी थोडी फिरवून आणतो, म्हणजे तेल कोमट होतं आणि गाळ त्यात मिसळून बाहेर येतो. रॅम्पवर चढवून, मागच्या चाकांना दगड लावून खाली शिरतो. तेल सोडायचा तळाचा बोल्ट पान्याने सैल केला की पुढे बोटांनी फिरवायचा, आणि फिरवताना आत दाबून धरायचा. शेवटचा आटा सुटल्याचं बोटांना कळतं, मग एका झटक्यात हात बाजूला घ्यायचा. हे जमलं नाही तर गरम तेल कोपरापर्यंत ओघळतं. आधी जाड धार, मग सुतासारखी, मग थेंब. या थेंबांची घाई करू नये. वॉशर दर वेळी नवा. नव्या फिल्टरच्या रबरी कडेला बोटाने तेल लावायचं आणि तो हातानेच आवळायचा. बोल्टला मात्र टॉर्क पाना, ३० न्यूटन मीटर. ताकद लावून आवळलेल्या बोल्टने सम्पचे आटे गेलेले मी पाहिलेत. चार लिटरचा डबा या इंजिनात पूर्ण जात नाही. थोडं हातचं राखून ओतायचं, इंजिन चालू करून बंद करायचं, तेल खाली उतरू द्यायचं आणि पट्टी बघून बाकीचं घालायचं. रिकाम्या डब्याला खिळ्याने भोक पाडल्याशिवाय मी तो भंगारात देत नाही, कारण धड डब्यात नकली तेल भरून ते पुन्हा विकलं जातं.

कंपनी सांगते १५ हजार किलोमीटर किंवा एक वर्ष. मी त्याच्या अर्ध्यावर बदलतो, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर. लोकांना वाटतं हे उधळेपणाचं आहे. पण माझे किलोमीटर थंड इंजिनाचे आहेत, काळ्या मातीच्या धुळीतले आहेत, आणि पट्टीवर पेट्रोलचा वास मी स्वतः घेतलाय. जो माणूस रोज पुण्याच्या हमरस्त्यावर शंभर किलोमीटर एका चालीने जातो, त्याला १५ हजार ठीक आहेत. शिवाय रविवारी मी गाडी अक्कलकोटपर्यंत मोकळी सोडतो. इंजिन चांगलं तापतं, तेलातलं पेट्रोल उडतं. परतताना शेवटचा टप्पा सावकाश, म्हणजे टर्बो वाटेतच निवतो.

काढलेल्या तेलाचं काय करायचं, हा प्रश्न मला तेल निवडण्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. सेंट्रिंगच्या पाट्यांना लावायला लोक ते मागून नेतात, कुणी लाकडाला वाळवी लागू नये म्हणून फासतं, बाकीचं गटारात जातं. २०१६ च्या नियमांनुसार वापरलेलं तेल घातक कचऱ्यात मोडतं. माझं तेल मी कॅनमध्ये साठवतो आणि मालकांच्या परवानगीने कारखान्याच्या तेलाबरोबर परवानाधारक पुनर्शुद्धीकरणवाल्याकडे पाठवतो. पण कुंभारीत सगळ्यांना ही सोय नाही. इथे आधी विडी कामगार भगिनींची दहा हजार घरांची वसाहत झाली, नंतर रे नगर वसाहतीचा तीस हजार घरांचा प्रकल्प आला. दारोदारी दुचाकी येणार, एकेकीतून लिटरभर काळं तेल दर काही महिन्यांनी निघणार. रस्त्याकडेच्या गॅरेजांना ते टाकायला जागा नाही. अक्कलकोट रस्त्यावर गॅरेजांसाठी एक झाकणाचं पिंप ठेवावं आणि ते भरलं की परवानाधारकाने उचलावं, एवढी मागणी मी गावात मांडली आहे. पहिल्या पिंपाचे पैसे द्यायला मिस्त्री तयार आहेत, जागा अजून ठरायची आहे.