हसवणाऱ्याचं पनवेल

मुंबईकराला विचारा, पनवेल म्हणजे काय? उत्तर ठरलेलं : 'हार्बरचं शेवटचं स्टेशन.' पुणेकर म्हणेल, 'एक्स्प्रेसवे संपला, आता ट्रॅफिक सुरू!' आणि गणपतीत गावी निघालेला चाकरमानी म्हणेल, 'इथून खरा प्रवास सुरू.' थोडक्यात काय, पनवेल सगळ्यांच्या वाटेवर आहे, मुक्कामाला मात्र कुणालाच नको. अपवाद एकच. नाटकवाले!

आमच्या ओळखीचा एक विनोदी नट आहे. नाव छापायचं नाही, या अटीवर बोलायला तयार झाला. (निर्माता वाचेल ना!) मूळचा बीडकडचा. व्यावसायिक नाटकात हवालदार, घरमालक, बायकोला घाबरणारा शेजारी असले रोल. तीन वर्षं झाली, नवीन पनवेलात वन बीएचके, त्यात तिघं जण. मुंबईत का नाही राहिलास? 'भाडं ऐकलं आणि आयुष्यात पहिल्यांदा विनोद सुचेना,' तो म्हणाला. एक शनिवार-रविवार त्याच्यासोबत घालवला आणि लोकलच्या खिडकीतून कधीच न दिसलेलं पनवेल दिसलं.

त्याचं गणित सोपं आहे. दौरा पुण्याकडे असो की कोकणात, नाटकाची बस पनवेलवरूनच जाणार. त्यामुळे दादर-गिरगावचे नट पहाटे उठून बसमध्ये झोपा काढत असतात, तेव्हा हा पठ्ठ्या आरामात चहा पिऊन हायवेला उभा राहतो. उलट मुंबईत प्रयोग असला की हाल. पडदा पडल्यावर मेकअप पुसता पुसता घड्याळाकडे लक्ष, कारण पनवेल लोकल चुकली की रात्र प्लॅटफॉर्मवर. हार्बर लाइन १९९८ मध्ये पनवेलपर्यंत आली नसती, तर आपण नट झालोच नसतो, असं तो अगदी सिरियसली सांगतो.

त्या शनिवारी मात्र प्रयोग गावातच होता, आद्य क्रांतिवीर वासुदेव बळवंत फडके नाट्यगृहात. फडके इथलेच, पनवेल तालुक्यातल्या शिरढोणचे, जन्म १८४५ चा. इंग्रजांशी दोन हात करणाऱ्याच्या नावाच्या रंगमंचावर हा रोज बायकोला घाबरतो, याची त्याला भारी गंमत वाटते.

दुपारी बस आली, सेट उतरला, ठोकाठोकी सुरू झाली. हा थेट स्वच्छतागृह बघायला गेला! दौऱ्यावरच्या नटाची शहर मोजायची ही पट्टी. तुम्ही-आम्ही मॉल बघतो, फ्लायओव्हर बघतो. नट बघतो मेकअपरूममधला नळ, एसी आणि साउंड. २०२३ मध्ये रत्नागिरीत नाट्यगृहातल्या उकाड्याने आणि खराब साउंडने वैतागून भरत जाधवांनी भर प्रयोगात प्रेक्षकांची माफी मागितली होती, आठवतंय? शहर रोषणाईत कितीही झगमगू दे, नटाला ते मागच्या दाराने दिसतं.

पुढचा फंडा 'लोकल एडिशन'चा. विनोदी नट प्रत्येक गावात त्या गावची एक-दोन वाक्यं टाकतो. पेणला गणपतीच्या मूर्ती. पुण्यात दुपारची झोप. अलिबागला 'अलिबागसे आया है क्या' चुकूनही नाही, त्या वाक्याविरुद्ध लोक २०१९ मध्ये हायकोर्टात गेले होते! (याचिका फेटाळली गेली, पण रिस्क कोण घेणार?) पनवेलसाठी त्याच्याकडे स्टॉक भरपूर. कळंबोली सर्कलचं ट्रॅफिक, उन्हाळ्यात देहरंग धरणाची पातळी आणि अर्थात विमानतळ. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं, त्याच वर्षी नाताळपासून विमानंही उडू लागली. पण 'एअरपोर्टपासून दहा मिनिटांवर' अशा जाहिराती त्याआधी कितीतरी वर्षं उडत होत्या. त्या रात्री त्याने वाक्य टाकलं, 'दहा मिनिटांवर म्हणजे चालत नाही हो, विमानाने!' आणि अख्खं थिएटर कोसळलं. ईएमआय भरणारे जरा जास्तच.

हसणारे तरी कोण? जुन्या पनवेलचे वाडेवाले, आजूबाजूच्या गावांतली आगरी मंडळी, घाटावरून आलेली माथाडी कुटुंबं, खारघर-कामोठ्याचे आयटीवाले. २०१६ मध्ये महापालिका झालेल्या या शहरात जवळजवळ प्रत्येक जण दुसऱ्याच गावाचं नाव सांगतो. 'म्हणून तर इथे हशा मिळवणं कठीण,' तो म्हणतो. 'एकाच वाक्यावर आगरी माणूस हसतो, साताऱ्याचा गप्प. दोघं एकदम हसले की समजायचं, वाक्य पक्कं.'

त्याचा आदर्श लक्ष्मण देशपांडे. एकट्याने ५२ पात्रं उभी करून मराठवाड्याची बोली सातासमुद्रापार नेणारा माणूस. '"वऱ्हाड" लंडनला पोचलं, मी पनवेलपर्यंत पोचलोय,' तो म्हणतो आणि स्वतःच हसतो. पण हे हसू थोडं आखडतं. पैसे 'नाइट'प्रमाणे मिळतात. प्रयोग नाही तर पैसे नाहीत. वडील दर फोनला विचारतात, दुकान कधी सांभाळणार? त्याने स्वतःलाच मुदत दिलीय, येत्या दिवाळीपर्यंतची. तोवर मोठा रोल मिळाला तर पनवेल, नाहीतर बीडची एसटी.

गेल्या वर्षी आई आली होती. मुंबईचा प्रयोग तिला झेपला नसता, म्हणून पनवेलचाच दाखवला. दोन अंकभर त्याच्या कानाखाली पडतात, लोक पोट धरून हसतात. घरी चालत येताना ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, 'समदं झ्याक हाय, पण त्यो मानूस लई मारतोय रं तुला.' हे सांगताना तो त्याच टायमिंगने थांबतो, जसा स्टेजवर थांबतो. मला मात्र हसावं की नाही, कळलं नाही.

रविवारी सकाळी तो वडाळे तलावाच्या काठाने फेऱ्या मारत नव्या नाटकाचं पाठांतर करत होता. दोन पानांचा रोल आहे. म्हणजे आधीच्यापेक्षा दीड पान जास्त! जॉगिंग करणारी काकू, हा एकटाच कुणाशी भांडतोय म्हणून लांबून गेली. दहा वाजता बस आली. पळस्प्याजवळ दत्त स्नॅक्सची मिसळ, मग थेट चिपळूण.

तेव्हा बॉस, पुढच्या वीकेंडला मल्टिप्लेक्सचा प्लॅन ठरवण्याआधी फडके नाट्यगृहाचा बोर्ड एकदा वाचा. तिकीट काढा, तिसऱ्या घंटेच्या आत बसा, मोबाइल सायलेंटवर टाका. आणि हवालदार एंट्री घेईल तेव्हा जरा मोकळेपणाने हसा. दिवाळी फार लांब नाही.