खारीची रंगपेटी

जुलै लागला की दिवाळी अंकांच्या संपादकांचे फोन सुरू व्हायचे. "कथा पाठवतोय, दोन चित्रं आणि शीर्षकाचं अक्षरलेखन, पंधरा दिवसांत द्या." पंधरा दिवस म्हणजे आठ दिवस, हे दोन्ही बाजूंना ठाऊक असायचं. मग टेबलावर आयव्हरी पेपर, रोट्रिंगची पेनं, पोस्टर कलरच्या बाटल्या आणि रेघ चुकली तर झाकायला पांढरा रंग. शाई वाळेपर्यंत घरात कुणी पंखा लावायचा नाही, असा दंडकच होता. ऐन ऑक्टोबरच्या उकाड्यात बायको-मुलांनी तो कसा पाळला, देव जाणे. दीनानाथ दलालांची आणि मुळगावकरांची मुखपृष्ठं बघत वाढलेली आमची पिढी. काम कितीही घाईचं असलं तरी मान खाली घालून, श्वास रोखूनच करायचं असतं, अशी समजूत.

नव्वदच्या दशकात गल्लोगल्ली डीटीपीची दुकानं निघाली आणि कोरल ड्रॉ घराघरात पोचलं. लग्नपत्रिकेच्या गणपतीला ते उत्तम. पण माऊसनं कथेतल्या नायिकेचं नाक काढायला जावं तर त्याचा बटाटा व्हायचा. पुढे दाब ओळखणारी टॅबलेटची पेन्सिल हाती आली आणि रेघ पुन्हा जाड-बारीक होऊ लागली. सॉफ्टवेअर अर्थातच फोटोशॉप. त्या काळी ते रीतसर विकत घेतलेला चित्रकार कुणाला भेटला असेल, तर त्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायला हरकत नाही. १९९० साली बाजारात आलेल्या त्या फोटोशॉपचा पिंड मुळातच फोटोवाल्याचा. चित्रकाराचा विचार केला तो फ्रॅक्टल डिझाइन कंपनीच्या 'पेंटर'नं. कागदाचा खरखरीतपणा, खडूचा भुगा, ओला रंग, हे सगळं पडद्यावर आणायचा त्याचा खटाटोप. १९९१ साली तो विकायला आला तोही चक्क रंगाच्या पत्र्याच्या डब्यात. मला तो डबा बघायला मिळाला नाही, ही रुखरुख आजही आहे.

माझा जीव जडला तो मात्र क्रिटावर. भाच्यानं जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकून दिलं, त्यात हे होतं. फुकट, म्हणून उघडलं. मग त्याची कुळकथा शोधत बसलो, आणि ती एखाद्या कथेपेक्षा कमी निघाली नाही.

सुरुवातच भांडणातून. १९९८ साली जर्मनीतल्या एका लिनक्स संमेलनात लिनक्सच्या पडद्याची मांडणी करणाऱ्या केडीई प्रकल्पाचा संस्थापक माथियास एट्रिख यानं 'गिंप' या चित्र-सॉफ्टवेअरला आपल्या पद्धतीचा मुखवटा चढवून दाखवला. गिंपवाल्यांना ते रुचलं नाही. मग आपलं आपणच करू, असं केडीईवाल्यांनी म्हटलं आणि १९९९ मध्ये नवं काम सुरू झालं. नावावरून कज्जे नकोत म्हणून बारसं पुन्हा पुन्हा झालं: आधी के-इमेजशॉप, मग क्रेयॉन आणि २००२ मध्ये क्रिटा. तोवर चित्र काढण्यासारखं त्यात जवळजवळ काहीच नव्हतं.

२००३ साली नेदरलँड्समधल्या बाउदेवाइन रेम्प्ट या गृहस्थांना वाढदिवसाला वॅकॉमचा टॅबलेट मिळाला. त्यांना आपल्या अद्भुत कादंबरीसाठी एक नकाशा काढायचा होता. हाताशी असलेलं काही मनासारखं चालेना, म्हणून ते क्रिटाच्या कोडमध्ये शिरले आणि तिथेच मुक्कामाला राहिले. पहिली आवृत्ती लोकांच्या हाती आली २००५ मध्ये, केडीईच्याच केऑफिस या संचाबरोबर. कादंबरीचा नकाशा राहिला बाजूला!

पण ब्रशाचा वेग ही अडचण होतीच. म्हणून २००९च्या अखेरीस चाहत्यांनी वर्गणी काढली आणि लुकाश त्वर्दी या स्लोव्हाक विद्यार्थ्याला काही महिने पूर्णवेळ कामाला बसवलं. केसाळ कुंचलाही त्याचाच: एकेक केस वेगळा उमटतो. २०१० साली डेव्हेंटर गावी सगळे जमले आणि पीटर सिकिंग या रचनाकाराबरोबर बसून ठरवलं की फोटोशॉपच्या मागे धावायचं नाही, कोऱ्या कागदापासून चित्र रंगवणाऱ्यांसाठीच हे हत्यार करायचं. माझ्या मते क्रिटा खरं जन्मलं ते त्या दिवशी. पुढे दाविद रवुआसारखा फ्रेंच चित्रकार त्यावर रोज काम करून सूचना देऊ लागला. चित्रकाराशेजारी बसून लिहिलेलं सॉफ्टवेअर आणि कचेरीत बसून लिहिलेलं सॉफ्टवेअर यांतला फरक बोटांना लगेच कळतो.

क्रिटात एम दाबलं की चित्र उलटं, आरशातल्यासारखं दिसतं. कॉलेजात सर चित्रासमोर आरसा धरायला लावायचे. वाकडा डोळा, घसरलेला खांदा तत्काळ उघडा पडायचा. तोच आरसा एका बटणात. चार आणि सहा दाबलं की कागद डावी-उजवीकडे फिरतो, कारण मनगटाला एकाच दिशेची वळणं सुखानं येतात, हे कुणीतरी लक्षात घेतलेलं. डब्ल्यू दाबलं की कागदाच्या उजव्या कडेतून बाहेर गेलेली रेघ डावीकडून आत येते. पैठणीच्या काठाची वेल मी अशीच काढतो, सांधा शोधूनही सापडत नाही. आणि मल्टिब्रश! एक पाकळी काढावी, मध्याभोवती आठ उमटतात. आमच्या आईला ते दाखवलं तर ती म्हणाली, "म्हणजे ठिपकेच नकोत? मग रांगोळीत काय राहिलं?" तिचं म्हणणं मी खोडून काढलेलं नाही.

बोधचिन्हं असतात तशी क्रिटाची एक खार आहे, किकी नावाची, टायसन तान या चिनी चित्रकारानं काढलेली. तिच्याइतकं चपखल चिन्ह मला दुसरं सुचत नाही, कारण हा सगळा कारभार खारीच्या वाट्यावरच चालतो. २०१४ मध्ये लोकांकडे १५ हजार युरो मागितले, जवळजवळ २० हजार जमले. २०१७ मध्ये डच करखात्याची मोठी रक्कम समोर उभी राहिली, तेव्हाही लोक धावून आले.

तुमच्या घरात एलिमेंटरी-इंटरमिजिएटची ग्रेड परीक्षा दिलेलं कुणी असेल, तर या सुट्टीत जुन्या कॉम्प्युटरवर क्रिटा टाकून द्या. ते विंडोजवरही चालतं. आणि पुढेमागे त्यावर चार पैसे मिळाले, तर त्यातला एखादा किकीकडे पाठवायला विसरू नका.