कोरडा दिवस

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं ज्याने म्हटलं त्याने बागेत बार बांधून पाहिलेला नसावा. घराला निदान छप्पर असतं, आणि लग्नाचं जे काही होतं ते चार भिंतींच्या आत होतं. बागेतला बार मात्र बाराही महिने उघड्यावर! त्याच्यावर ऊन, पाऊस, वाळवी, वटवाघळं आणि शेजारी या पाचांचीही सारखीच नजर असते.

आमच्या पुण्यातल्या बंगलीच्या मागच्या अंगणात, चिकूच्या झाडाखाली, असा एक बार आहे. बार म्हणजे काय, तर एक ओटा, मागे बाटल्यांचं कपाट, वर पत्रा आणि पुढे चार उंच स्टुलं. तो आमच्या मेहुण्यांनी, म्हणजे सौभाग्यवतींच्या थोरल्या बंधूंनी, निवृत्तीच्या पैशातून बांधला. दादा वर राहतात, आम्ही खाली. त्यामुळे बार मालकीने वरच्यांचा आणि कष्टाने खालच्यांचा. मी स्वतः लिंबाच्या सरबतापलीकडे कधी गेलो नाही. एखाद्या नास्तिकाला देवळाचा गुरव नेमावं, तशी माझी तिथे नेमणूक झाली.

सज्जन वाचकांच्या भुवया चढायच्या आत सांगून टाकतो, की सगळं रीतसर आहे. आपल्या राज्यातला १९४९ चा दारूबंदीचा कायदा अजून जिवंत आहे आणि पिणाऱ्याजवळ परवाना असावा लागतो. दादांजवळ आहे. रेशनकार्डाच्या खाली, विम्याच्या पावत्यांच्या वर.

ओट्याची फळी आधी सागवानी होती. सुताराने तिला असं काही फ्रेंच पॉलिश केलं, की तिच्यात पाहून दाढी करावी. आता हे पॉलिश म्हणजे काय, तर स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडी लाख. जी वस्तू स्पिरिटमध्ये विरघळते, ती व्हिस्कीतही थोडीफार विरघळणारच, हे पहिल्याच महिन्यात सिद्ध झालं. जिथे जिथे पेला सांडला, तिथे तिथे पांढरं वर्तुळ. कोण किती प्यायलं याची नोंद फळीवरच राहू लागली.

म्हणून फळी काढून कडप्पा बसवला. व्हिस्कीने त्याला काही म्हणजे काही केलं नाही. पण कडप्पा हा पडला चुनखडीचा दगड. त्याचं आंबटाशी वैर. न पिणाऱ्या पाहुण्यांच्या सरबतातलं लिंबू आणि सोलकढीतलं कोकम यांनी त्याची चकाकी जागोजागी खाल्ली. लाकडाला पिणारे चालत नाहीत आणि दगडाला न पिणारे! सगळ्यांना चालेल असा ओटा अजून निघायचा आहे. दादा म्हणतात, ग्रॅनाइट. मी म्हणतो, पेन्शन.

देखभालीचं वर्ष सुरू होतं रोहिणी नक्षत्रात. ७ जूनच्या सुमारास मृग लागतो, त्याच्या आत ताडपत्री बांधायची. ताडपत्री बांधण्यात शास्त्र आहे. घट्ट आवळून बांधली की आतली दमट हवा आतच कोंडते आणि आठ दिवसांत स्टुलांना हिरवी-पांढरी लव येते. म्हणून खालून वीतभर मोकळी सोडायची. मोकळी सोडली की त्यातून मांजर आत जातं. मांजर बाळंत होतं. मग श्रावण उलटेपर्यंत ताडपत्री काढायची नाही, असा सौभाग्यवतींचा हुकूम सुटतो.

पहिल्या पावसानंतरच्या संध्याकाळी दिव्यावर पंखवाले किडे येतात. लोक त्यांना पाहून पाऊस लागला म्हणतात. मी पाहतो आणि माझ्या पोटात गोळा येतो, कारण त्यांतली बरीचशी वाळवी असते. पंख गाळून ही मंडळी नवा संसार मांडायला जागा शोधतात, आणि ओल्या मातीत उभा असलेला लाकडी पाय म्हणजे त्यांच्या दृष्टीने स्टेशनजवळचा ब्लॉक. म्हणून कपाटाच्या चारही पायांखाली दगडी ठोकळे दिले आहेत. मातीचा वर चढणारा बारीक बोगदा दिसला रे दिसला, की मोडायचा.

गंमत अशी, की आषाढातल्या अमावस्येला, म्हणजे ज्या दिवशी अवघ्या महाराष्ट्राला बारची आठवण होते, त्या दिवशी आमचा बार ताडपत्रीखाली असतो. पुढे श्रावण. त्यात दादांचे दोघे स्नेही पाळणारे. मग गणपती. तेव्हा तर नावच काढायचं नाही.

पावसाळ्यातच पालिकेच्या आरोग्य खात्याच्या बाई विजेरी घेऊन येतात. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्याची पोरं उडायला लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी करून वाळवायची. या दिवसाला खात्याने नाव दिलं आहे ‘कोरडा दिवस’. पहिल्या वर्षी बाईंनी ताडपत्रीच्या खळग्यात विजेरी मारून विचारलं,

“आजोबा, कोरडा दिवस पाळता का?”

दादा दचकले. “पाळतो की. २ ऑक्टोबर.”

हस्ताचा गडगडाट संपला की ताडपत्री उतरते आणि तेल लावणं सुरू होतं. जवसाचं तेल, तेही उकळलेलं. कच्चं लावलं तर दिवाळी येते तरी ते चिकटच. तेल लावलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकायच्या नाहीत, कारण तेल वाळताना तापतं आणि बोळा आपोआप पेटू शकतो. त्या दोरीवर पसरायच्या. लोखंडी स्क्रू काढून पितळी घालायचे, नाहीतर सागवानातल्या तुरट रसाने लोखंडाभोवती काळे डाग पडतात.

एवढं झालं की थंडी येते, रातराणी फुलते आणि खऱ्या बैठका होतात. फाल्गुनापर्यंत. चैत्रात लाकूड आखडतं. श्रावणात न उघडणारा खण आता न सांगता उघडतो, आणि वटवाघळं अर्धे खाल्लेले चिकू नेमके ओट्यावर टाकतात. एका वर्षी मी वही ठेवली होती. देखभालीचे दिवस ४१, बैठकीचे १४.

मग दादांच्या छातीवर शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी चौदाचे शून्य केले. त्याच पावसाळ्यात चौघांपैकी एक, पोस्टातून निवृत्त झालेले, ताडपत्रीची गाठ त्यांच्याइतकी पक्की कोणाला जमत नसे ते, गेले. घरात रीतसर बैठक बसली. सौभाग्यवती म्हणाल्या, आता तिथे धुण्याचा दगड घालावा. कोणी काही बोललं नाही. दादा उठून वर गेले.

हस्त संपला. रविवारी सकाळी सात वाजता मागून खरवडल्याचा आवाज आला. दादा बनियनवर, काचकागद घेऊन, पहिल्या स्टुलापाशी बसले होते.

“भाऊजी, तेल कुठे ठेवलंत?”

दुसरे स्नेही दहाला आले. तिघांनी मिळून चार स्टुलं घासली. चौथ्याला तेल लावावं का, असं कोणी विचारलं नाही. मी लावलं. लाकडाला काय कळतं, कोण बसणार आहे ते! न लावलेलं आधी तडकतं, एवढं खरं.

तेव्हापासून बैठका बंद आहेत आणि देखभाल चालू आहे. ४१ चे ४६ झाले. दर रविवारी काही ना काही निघतंच. सौभाग्यवतींनी धुण्याच्या दगडाचा विषय पुन्हा काढला नाही. उलट मधल्या खणात चहाचं सामान ठेवलं.

गेल्या पावसाळ्यात पालिकेच्या बाई पुन्हा आल्या. सगळीकडे विजेरी मारली आणि नेहमीचा प्रश्न विचारला.

“कोरडा दिवस पाळता ना, आजोबा?”

“सातही दिवस, बाई,” दादा म्हणाले.

बाईंनी वहीत ‘निरंक’ लिहिलं आणि चौथ्या स्टुलावर बसून चहा घेतला.