जंतू मेला, विष उरलं

गेल्या वर्षी रमजानच्या तोंडावर माझी खालची दाढ ठणकायला लागली. करमाडहून बसने शहर गाठलं. डॉक्टर मॅडमनी एक्स-रे बघून सांगितलं, "रूट कॅनॉल करावं लागेल. तीनदा यावं लागेल."

पहिल्या दिवशी त्यांनी दाढ उघडून मुळातल्या नळ्या साफ केल्या, आत औषध भरलं आणि वरून तात्पुरतं सिमेंट लावलं. त्या रात्री शांत झोप लागली. दुखणंच गेलं, मग आता कशाला जायचं? रमजान आला, ईद झाली, मग शाळेच्या परीक्षा आणि निकाल. मी गेलेच नाही. दोन-अडीच महिन्यांनी गाल सुजला. सिमेंट कधी निघून पडलं, तेही कळलं नव्हतं.

"मॅडम, जंतू तर तेव्हाच मेले होते ना?"

"सगळे मरत नाहीत. आणि मेले तरी त्यांचं विष मागे राहतं."

मुळात वाढणाऱ्या अनेक जंतूंच्या बाहेरच्या आवरणातच विष असतं. त्याला एंडोटॉक्सिन म्हणतात. जंतू मरून फुटला की ते मोकळं होतं, दाताच्या भिंतीतल्या सूक्ष्म नलिकांत शिरतं आणि मुळाच्या टोकाशी सूज आणतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जर्मनीत रिचर्ड फायफर यांनी हेच पटकीच्या जंतूंबाबत दाखवलं होतं: उष्णतेने मारलेले जंतूही विषारीच राहतात.

नळ्या धुवायला सोडियम हायपोक्लोराइट वापरतात. ते जंतू मारतं, सडलेला भाग विरघळवतं. धुण्याने विषही बरंच कमी होतं, पण उरलेलं निकामी करण्यात हे औषध कमी पडतं. म्हणून दोन भेटींच्या मध्ये कॅल्शियम हायड्रॉक्साइडचा लेप आत ठेवतात. विषाची ताकद त्यातल्या चरबीसारख्या भागात असते. हा लेप तोच भाग तोडतो. पण त्याला दिवस द्यावे लागतात, आणि वरचं झाकण शाबूत लागतं. मी दिवस भरपूर दिले, झाकण मात्र सांभाळलं नाही.

कॅल्शियम हायड्रॉक्साइड म्हणजे भिजवलेला चुना! घरी हे सांगितलं तर अम्मी पानदान पुढे सरकवत म्हणाली, "तो डिब्बी का चूना लगा लेती ना, पैसे बच जाते!" हसू आलं. पण असं कुणी करू नका. पानाच्या चुन्याने तोंड भाजतं, आणि तो मुळाच्या आत पोहोचतही नाही.

सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं. या खेपेला तिन्ही तारखा पाळल्या. दाढ वाचली. काही दाढांचं काम एकाच भेटीतही होतं, ते डॉक्टरच ठरवतात.

आमच्या स्टाफरूममध्ये विचारलं, तर अर्ध्यावर सोडलेल्या आणखी दोन दाढा निघाल्या. तुमच्या घरातही विचारून बघा. दुखत नसेल तरी पुढची तारीख घ्या.