मूळचा आवाज

‘सुधारित’ हा शब्द दिसला, की मी जरा सावध होतो. सुधारित अभ्यासक्रम आला, की जुन्यातला एखादा आवडता धडा गेलेला असतो. सुधारित आवृत्ती आली, की नेमका मनात बसलेला शब्द बदललेला असतो. हे झाले माझ्या व्यवसायातले अनुभव. पण गेल्या पावसाळ्यात हाच प्रश्न माझ्या धाकट्या भावाने एका लाकडी पेटीतून घरी आणला.

ही पेटी म्हणजे गिटारचा अँप्लिफायर. विजेवरच्या गिटारचा आवाज मुळात चिमणीएवढा. तो सभागृहात पोचवायचा तो या पेटीने. अमेरिकेत 1960च्या सुमारास बनलेली ही पेटी भावाच्या गिटारच्या सरांची. सर मूळचे गोव्याचे. बोटीवर नोकरीला असलेल्या त्यांच्या भावाने ती आणून दिलेली. सर गेले, आणि आंटींनी ती माझ्या भावाच्या स्वाधीन केली. “तुझ्याकडे वाजेल तरी,” एवढेच त्या म्हणाल्या.

पण ती वाजण्यापेक्षा घोंघावतच जास्त होती. भावाने मित्रांना विचारून सुधारणांची एक यादी केली. बाबी 27! ती यादी आणि पेटी घेऊन आम्ही लॅमिंग्टन रोडवर, व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका वृद्ध कारागिरांकडे गेलो. काकांनी आधी यादी बाजूला ठेवली. प्लग काढून ठेवला, तरी आतल्या कंडेन्सरांत 400 व्होल्टांपर्यंत वीज दबा धरून बसलेली असू शकते. ती त्यांनी एका रेझिस्टन्समधून निचरू दिली, मीटरचा काटा शून्यावर आलेला पाहिला, आणि मगच आत बोट घातले.

“हे बघा,” ते म्हणाले, “यात तीन प्रकार आहेत. माणसाला मारणारं, स्वतः मेलेलं आणि नुसतं म्हातारं झालेलं.”

मारणारी होती ती दोन तारांची जुनी वायर, आणि विजेची लाइन पत्र्याच्या सांगाड्याला जोडणारा एक छोटा कंडेन्सर. तो बिघडला, तर गिटारच्या तारांवर हात ठेवणाऱ्यालाच झटका. तो काढून काकांनी अर्थिंगची तीन तारांची वायर लावली. मेलेले होते ते वीजपुरवठ्याचे मोठे कंडेन्सर. त्यांच्या पोटातला द्रव वर्षानुवर्षांत वाळतो, विजेची थरथर गाळली जात नाही, आणि पेटी घोंघावते. तेही बदलले. गळके झालेले दोन कंडेन्सर आणि चरचरणारे काही रेझिस्टन्सही गेले.

भाऊ मात्र यादी सोडीना. व्हॉल्व्हऐवजी सिलिकॉनचे डायोड लावले, तर वीजपुरवठा भक्कम होईल, असे त्याचे म्हणणे. काका हसले. “जोरात तार छेडली, की हा व्हॉल्व्ह क्षणभर दमतो. व्होल्टेज खाली येतं, पुन्हा वर चढतं. आवाज श्वास घेतो तो तिथे. तुम्ही त्याला दमूच दिलं नाहीत, तर तो तुमच्या सरांसारखा वाजेल का?”

हे ऐकून मला या यंत्राचा इतिहास आठवला. लिओ फेंडर या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माणसाने 1938 साली कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी दुकान काढले. पुढे त्याने गिटारी आणि अँप्लिफायर बनवले. स्वतःला गिटार वाजवता येत नसताना! त्याचा ‘बासमन’ खर्जाच्या बेस गिटारसाठी होता. तो साध्या गिटारवाल्यांनीच पळवला. व्हॉल्व्हवर ताण पडला, की आवाज फाटतो. इंजिनिअर याला दोष म्हणतात; वादकांना तोच गोड लागला. लंडनमध्ये जिम मार्शलच्या दुकानात 1962 साली बासमनच्याच आराखड्यावरून एक अँप्लिफायर तयार झाला. भाग बरेचसे तिकडचे, आणि आवाजही निराळा निघाला. आराखडा तोच असला, तरी भाग बदलले की गळा बदलतो, तो असा.

मराठीच्या प्राध्यापकाला अशा वेळी एकनाथ आठवावेत, हे ओघानेच आले. शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. तीन शतकांत नकला करणाऱ्यांच्या हातून शिरलेले अपपाठ त्यांनी काढले. पण स्वतः एवढे मोठे कवी असून, या ग्रंथात कोणी आपली ओवी घालू नये, असे त्यांनी बजावले. सुधारण्याची ताकद असताना हात आवरणे, हीच दुरुस्तीतली खरी विद्या. काकांच्या दुकानात मला तीच दिसली. यादीतल्या 27 बाबींपैकी त्यांनी 9 केल्या. स्पीकर, ट्रान्सफॉर्मर आणि तो दमणारा व्हॉल्व्ह जिथल्या तिथे राहिले.

पेटी घरी आली, त्या रविवारी आंटींना बोलावले. भावाने सरांची आवडती धून वाजवली. जोरात तार छेडली, की आवाज किंचित दबे आणि मग फुलून वर येई. आंटी डोळे मिटून ऐकत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, “हे तेच आहेत.” मग थोडे थांबून त्यांनी विचारले, “पण ते घूं घूं कुठे गेलं रे? ते सुरू झालं, की मला स्वयंपाकघरात कळायचं, आता हे वाजवायला बसले.”

भाऊ माझ्याकडे पाहू लागला. माझ्याजवळ उत्तर नव्हते. एकनाथांनी काढलेला एखादा अपपाठही रोजच्या वाचनाने कुणा म्हातारीच्या जिभेवर बसला असेल, आणि नवी प्रत ऐकताना ती त्या जागी क्षणभर थांबली असेल.