पडद्यावरची आमची खानेसुमारी

पुण्यात दूरदर्शन सिंहगडावरून आले. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढे सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे त्याचे कार्यक्रम पुण्याच्या पेठांत, कॅम्पात दिसू लागले. त्या काळात मोहल्ल्यात एखाद्याच घरी संच असायचा. बातम्या दिवसातून थोडा वेळ, त्याही संथ आवाजात. त्या बातम्यांत आम्ही फारसे नसायचोच. वर्षातून दोनदा ईदगाहवरची नमाज दाखवायचे, दोन माणसे गळाभेट घेताना दाखवायचे आणि विषय संपायचा. नाहीतर मग दंगल झाली तर.

२००७ पासून मराठीत चोवीस तासांच्या वृत्तवाहिन्या एकामागून एक आल्या. चोवीस तास भरायचे म्हणजे काहीतरी बोलत राहणे आले. तेव्हापासून आम्ही पडद्यावर रोज असतो. कधी नावाने, कधी नाव न घेता, कधी दाढीटोपीच्या एखाद्या जुन्या चित्राने. घरात अम्मी दळण निवडता निवडता विचारते, "आता काय केलं म्हणे आपण?" या 'आपण'चे ओझे किती आहे हे ज्याच्यावर पडते त्यालाच कळते.

१३ फेब्रुवारी २०१० रोजी कोरेगाव पार्कात जर्मन बेकरीत स्फोट झाला. १७ माणसे गेली. गाव आमचे, दुःखही आमचेच होते. पण पडद्यावर त्या रात्रीपासून गावाचे दोन भाग झाले : ज्यांच्यावर संकट आले ते, आणि ज्यांच्याकडे संशयाने पाहायचे ते. आम्ही चौघे तेव्हा रोज इशाच्या नमाजनंतर एका इराण्याकडे चहाला जमत असू. एक निवृत्त गुरुजी, एक वकीलबाईंचे शौहर, एक टी.व्ही. दुरुस्त करणारे मिस्त्री आणि हा मजकूर लिहिणारे. नुसते चिडून काय उपयोग, असे गुरुजींनी म्हटले आणि दुसऱ्या दिवशी दोनशे पानी वही आणली. रकाने आखले. तारीख, वेळ, वाहिनी, कार्यक्रम, काय म्हटले. शेवटचा रकाना त्यांनी स्वतः घातला : 'पुढे प्रश्नचिन्ह होते का?' कारण पट्टीवर सगळे काही प्रश्नचिन्ह लावून लिहिता येते, आणि वाचणारा प्रश्नचिन्ह वाचत नाही.

वही भरत गेली, पण तिचा उपयोग मर्यादित होता. आपण सांगावे की अमक्या दिवशी असे म्हणाले, तर समोरचा म्हणे, "तुमचा ऐकण्यात घोटाळा झाला असेल." वहीत लिहिलेले हे आमचे लिहिलेले. पुरावा तो नव्हे. छापील वर्तमानपत्राचे कात्रण दहा वर्षांनीही टेबलावर ठेवता येते. बोललेला शब्द हवेत जातो.

हे दुखणे फक्त आमचे नाही, हे नंतर कळले. अमेरिकेत नॅशव्हिल गावच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने ५ ऑगस्ट १९६८ पासून रोजच्या रात्रीच्या बातम्या ध्वनिचित्रफितीवर उतरवून ठेवायला सुरुवात केली, कारण वाहिन्या स्वतःच्याच फिती पुसून पुन्हा वापरत होत्या. फिलाडेल्फियातल्या मॅरियन स्टोक्स नावाच्या कृष्णवर्णीय बाईंची गोष्ट तर आम्ही मोहल्ल्यात कितीतरी जणांना सांगितली. बाई पूर्वी ग्रंथपाल होत्या. १९७९ साली तेहरानमध्ये अमेरिकन वकिलातीतले लोक ओलीस धरले गेले, तेव्हा इराणबद्दलची बातमी दिवसागणिक कशी रूप बदलते ते त्यांनी पाहिले आणि घरात एकाच वेळी अनेक यंत्रे लावून चोवीस तास बातम्या ध्वनिमुद्रित करू लागल्या. डिसेंबर २०१२ मध्ये त्या वारल्या तेव्हा घरात सत्तर हजारांच्या आसपास फिती होत्या. लोकांनी त्यांना विक्षिप्त म्हटले. त्या फिती पुढे 'इंटरनेट अर्काइव्ह' या संस्थेने घेतल्या. याच संस्थेने सप्टेंबर २०१२ मध्ये दूरचित्रवाणीच्या बातम्यांचे शोधता येणारे भांडार सर्वांसाठी खुले केले. एक शब्द लिहायचा. तो कोणत्या वाहिनीवर, किती वाजता, कोणत्या वाक्यात उच्चारला गेला ते समोर येते.

त्यात जादू काही नाही. अमेरिकेत कमी ऐकू येणाऱ्यांसाठी बातमीबरोबर बोललेले शब्द लेखी रूपाने प्रक्षेपित करतात. यंत्र ते लेखी शब्द आणि त्यांची वेळ साठवून ठेवते. पुस्तकाच्या शेवटी सूची असते ना, तशी टी.व्ही.ची सूची. बहिऱ्यांच्या सोयीसाठी केलेली व्यवस्था अशी कान शाबूत असलेल्यांच्याही कामी आली.

आमच्याकडे मराठी बातम्यांना अशा लेखी ओळी नसतात. गंमत अशी की, पडद्यावर अक्षरे उमटवण्याचे काम पुण्यातच झालेले आहे. १९८८ साली स्थापन झालेल्या इथल्या सी-डॅकने भारतीय लिप्या संगणकावर आणल्या. संवाद वेगवेगळ्या भाषांत पडद्यावर लेखी दाखवण्याचे 'लिप्स' हे तंत्रही तिथलेच. आणि १९६४ साली सुरू झालेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयही पुण्यातलेच. पी. के. नायर यांनी ते गावोगाव फिरून, जुन्या फितींचे डबे मिळवून उभे केले. 'आलम आरा' हा १९३१ चा पहिला बोलपट, त्याची एकही प्रत आज शिल्लक नाही. जपले नाही तर काय होते ते सांगायला एवढे उदाहरण पुरे. सिनेमा जपण्याची अक्कल ज्या गावाने दाखवली, त्या गावात रात्री नऊच्या चर्चेत कोण काय बोलले ते शोधायला सामान्य माणसाला जागा नाही. सरकारचे दिल्लीतले निरीक्षण केंद्र २००८ पासून शेकडो वाहिन्यांवर लक्ष ठेवून आहे, पण ते काही मोहल्ल्यातल्या माणसाने जाऊन चाळावे असे वाचनालय नव्हे.

सप्टेंबर २०२२ मध्ये 'व्हिस्पर' नावाची एक संगणकप्रणाली मोफत उपलब्ध झाली. बोललेले ऐकून ती लिहून काढते, मराठीसुद्धा. मिस्त्रींची नात अभियांत्रिकीला आहे. तिने ती घरच्या संगणकावर बसवली. बहुतेक वाहिन्या आता इंटरनेटवर थेट दिसतात, त्यामुळे डबा आणि तारा यांची कटकट नाही. रात्री चर्चा झाली की सकाळी तिचा मजकूर तयार, शेजारी मिनिट आणि सेकंद. पंधरा वर्षांपूर्वीच्या वहीचे रकाने तेच आहेत, फक्त आता ते भरायला यंत्र बसले आहे.

यंत्राचा मराठी कान अजून कच्चा आहे. 'तबलीगी' ऐकून ते 'तब लगी' लिहिते. 'शेख'चा 'शेक' होतो. चारजण एकदम ओरडू लागले की ते चक्क गप्प बसते, आणि आमच्याकडे चारजण एकदम ओरडतातच. म्हणून एका शब्दाची पाच रूपे शोधावी लागतात. सापडलेले प्रत्येक वाक्य माणसाने स्वतः ऐकायचे, मगच वहीत घ्यायचे, असा नियम वकीलबाईंनी घालून दिला. खालची पट्टी यंत्राला ऐकू येत नाही. ती चित्रातून वाचून घ्यावी लागते. आणि मागे वाजणारे ते काळजात धडकी भरवणारे संगीत कोणत्याच शोधात सापडत नाही.

या उद्योगातून आम्हाला जे समजले ते तीन आकड्यांत सांगता येईल : ७, ९० आणि १०.

वृत्तवाहिन्यांनी २००८ साली स्वतःसाठी एक मानक प्राधिकरण नेमले. तिथे दाद मागायची तर आधी वाहिनीकडे प्रक्षेपणापासून ७ दिवसांत तक्रार करावी लागते. वाहिनीने आपले चित्रण ९० दिवस जपावे असा सरकारी दंडक आहे. आणि माणूस निर्दोष ठरायला १० वर्षे लागतात.

मालेगावात सप्टेंबर २००६ मध्ये बडा कब्रस्तानजवळ स्फोट झाले. त्यात मेलेही मुसलमान आणि पकडलेही मुसलमान. ९ जणांना अटक झाली. एप्रिल २०१६ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. एकाला तो दिवस पाहायला मिळाला नाही, तो आधीच वारला होता. जर्मन बेकरी प्रकरणात ज्या एका तरुणाला पुण्याच्या न्यायालयाने २०१३ मध्ये फाशी सुनावली, त्याला मार्च २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने स्फोटाच्या कटाच्या आरोपांतून मुक्त केले. स्फोटके बाळगल्याबद्दलची जन्मठेप कायम ठेवली. हेही आम्ही वहीत तितक्याच ठळकपणे लिहिले आहे, कारण अर्धे सांगणाऱ्यांची तक्रार करायची आणि आपणही अर्धेच सांगायचे हे बरे नव्हे. प्रश्न इतकाच की अटकेच्या रात्री 'मास्टरमाइंड' हा शब्द ज्यांनी घोळवला, ते सारे या निकालाच्या दिवशी तितकाच वेळ बोलले का? ९० दिवसांनी पुसलेले चित्रण १० वर्षांनी कोण आणून दाखवणार? आरोपाला आवाज असतो, सुटकेला फक्त कागद असतो.

मार्च २०२० मध्ये निजामुद्दीनच्या मरकजची बातमी आली आणि पुढचे कित्येक आठवडे रोगाला जणू धर्म चिकटला. ऑगस्ट २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलीगींवरचे गुन्हे रद्द केले. त्यांना बळीचा बकरा केल्याचे आणि माध्यमांतून त्यांच्याविरुद्ध मोठा प्रचार झाल्याचे निकालात नमूद केले. त्याच दिवसांत पुण्यात आझम कॅम्पसमधल्या मशिदीची जागा विलगीकरणासाठी देऊ केली होती, आणि मूलनिवासी मुस्लिम मंचाचे कार्यकर्ते, घरचेही जवळ यायला धजत नव्हते अशा कोविडच्या मृतांवर अंत्यसंस्कार करत होते, ज्याचे त्याच्या धर्माप्रमाणे. बातमी यांचीही आली, नाही असे नाही. पण एक दिवस आली आणि गेली. पहिली रोज आली.

मात्र पुरावा हातात असला की काय होते तेही सांगितले पाहिजे. २०२० च्या त्या प्रचाराबद्दल बंगळूरच्या एका नागरिक गटाने तारीख-वेळ लावून तक्रारी केल्या. जून २०२१ मध्ये प्राधिकरणाने दोन कन्नड वाहिन्यांना १ लाख आणि ५० हजार रुपये दंड केला. फेब्रुवारी २०२४ मध्ये इंद्रजीत घोरपडे यांच्या तक्रारींवरून न्यायमूर्ती ए. के. सिक्री यांच्या अध्यक्षतेखालील प्राधिकरणाने आंतरधर्मीय विवाहाला सरसकट 'लव्ह जिहाद' ठरवणाऱ्या कार्यक्रमांबद्दल दोन हिंदी वाहिन्यांना दंड केला आणि ते कार्यक्रम इंटरनेटवरून काढायला लावले. घोरपडे मुसलमान नाहीत, हे मुद्दाम लिहितो. नीट ऐकणारा माणूस कोणत्याही घरात जन्मू शकतो. दंडाची रक्कम वाहिनीच्या चहापाण्याचीही नसेल. पण "असे म्हटलेच नव्हते" हे वाक्य त्या दिवसापासून कुणाला म्हणता येत नाही.

शोधाने आम्हाला आमच्याबद्दलही काही दाखवले. 'मुस्लिम महिला' हे शब्द शोधले की तलाक आणि बुरखा यांचा ढीग सापडतो. मुलीची शाळा, बचत गट, भाड्याचे घर यांच्याजवळ ते शब्द शोधून काढावे लागतात. सच्चर समितीचा अहवाल २००६ चा, महाराष्ट्रातल्या महमूदुर रहमान समितीचा २०१३ चा. दोन्हींत शिक्षण, रोजगार, कर्ज यांचे आकडे आहेत. चर्चेत ते कुणी उच्चारले तर आम्ही वहीत हिरव्या शाईने लिहितो. हिरवी शाई अजून पहिल्याच बाटलीतली आहे. आणि याचा दोष फक्त निवेदकाला देऊन भागत नाही. आपल्या वतीने जाऊन बसणारे काही बुजुर्गही आकडे सोडून आवाजच घेऊन जातात. त्यांचीही वाक्ये यंत्राने तितक्याच प्रामाणिकपणे लिहून ठेवली आहेत.

या साऱ्याने काय साधते, असे घरचे विचारतात. गुरुजींच्या भाच्याला कर्वे रस्त्याच्या बाजूला घर हवे होते. फोनवर घर रिकामे होते, नाव सांगितल्यावर ते 'कालच गेले'. तो मालक वाईट माणूस असेल असे आम्हाला वाटत नाही. तोही रात्री नऊ वाजता आम्ही पाहतो तेच पाहतो. तो आम्हाला भेटलेला नाही, पडद्यावरच्या आम्हाला तो रोज भेटतो. ही दोन माणसे वेगळी आहेत हे त्याला सांगायचे तर आधी पडद्यावरचा तो 'आम्ही' कुणी, कधी, कोणत्या शब्दांनी घडवला हे तरी आपल्याला माहीत हवे.

म्हणून आमची एक विनंती आहे. मोहल्ल्या-मोहल्ल्यात वाचनालये आहेत, मदरशांत संगणक आले आहेत, मुले आमच्यापेक्षा हुशार आहेत. आठवड्यातून एक तास द्या. एक वाहिनी, एक कार्यक्रम घ्या. वाईट बोलले ते लिहा आणि चांगले बोलले तेही लिहा. कारण गर्दीत उभे राहून सरळ बातमी देणारे वार्ताहर आहेत, आणि त्यांना दोन ओळींचे आभारपत्र क्वचितच जाते. आम्ही गेल्या वर्षी अशी काही पत्रे पाठवली. एका तरुण वार्ताहराचा फोन आला. म्हणाला, "काका, आमच्याकडे फक्त शिव्यांची पत्रं येतात. तुम्ही मिनिट-सेकंद घालून शाबासकी दिलीत!"

वही आता चौदावी आहे. तिचे पहिले पान नात भरते. प्रश्नचिन्हाचा रकाना तिने तसाच ठेवला आहे.