दाखला

आमच्या मेजाच्या खणात गेले चार महिने एक अर्ज पडून आहे. अर्ज आम्हीच लिहिलेला असून त्यात अवघ्या तीन ओळी आहेत. आम्हांस दुसऱ्या मंडळीत सामील व्हावयाचे असल्यामुळे सभासदत्वाचा दाखला मिळावा, एवढाच त्यांचा मथितार्थ. खाली सही झालेली आहे. तारीख घालावयाची राहिली आहे. महाविद्यालयात इंग्रजी शिकविण्यात आणि विद्यार्थ्यांच्या अर्जांवर शेरे मारण्यात ज्याची सारी हयात गेली, त्याच्या हातून स्वतःच्या अर्जावर तारीख पडू नये, ह्याचे वाचकांस हसू येईल. तारीख न पडण्याचे कारण मात्र हसण्यासारखे नाही, आणि तेच आज सांगावयाचे आहे.

ख्रिस्ती नसलेल्या वाचकांसाठी एक खुलासा आधी केला पाहिजे. 'मंडळी' हा शब्द मराठीत मोठा गमतीचा आहे. कोणी गृहस्थ 'आमची मंडळी माहेरी गेली आहे' असे म्हणाला, तर त्याची पत्नी घरी नाही असे आपण समजतो. ख्रिस्ती माणूस 'आमची मंडळी' म्हणाला, की तो आपल्या चर्चविषयी, म्हणजे तेथे एकत्र जमणाऱ्या माणसांविषयी बोलत असतो. त्यामुळे 'मंडळी सोडावी म्हणतो' हे वाक्य आम्ही एका सहकाऱ्यापाशी उच्चारले, तेव्हा त्या भल्या गृहस्थाने दार लोटून घेतले व अतिशय हळू आवाजात 'वहिनींना ठाऊक आहे काय?' असे विचारले.

आमची ही मंडळी पिंपरी-चिंचवडची. तिचा जन्म कारखान्यांच्या पोटी झाला. 1954 साली पिंपरीस पेनिसिलिनचा सरकारी कारखाना निघाला, 1962 साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि पुढल्या काही वर्षांत भोसरी-आकुर्डीच्या माळरानावर चिमण्या उभ्या राहिल्या. मोरया गोसाव्यांच्या समाधीमुळे आणि चापेकर बंधूंच्या घरामुळे ज्या चिंचवडाचे नाव लोकांस ठाऊक होते, ते आता यंत्रांच्या सुट्या भागांमुळे ठाऊक होऊ लागले. ह्याच लोंढ्यात आमचे वडील नगर जिल्ह्यातील एका खेड्यातून पत्र्याची पेटी व बायबल घेऊन आले. त्यांच्यासारखे आणखी आठ-दहा जण एका फिटरच्या दोन खोल्यांत रविवारी जमू लागले. रविवारी असे म्हणावयाचे, परंतु ह्या भागातील कित्येक कारखान्यांची सुट्टी पडते गुरुवारी. तेव्हा उपासना व्हावयाची ती पहिल्या पाळीचा भोंगा होण्यापूर्वी, कंदिलाच्या उजेडात. कोणी अमेरिकन मिशनच्या वळणाचा, तो प्रार्थनेस बसून राही; कोणी इंग्रज मिशनच्या वळणाचा, तो गुडघे टेकी. ह्यावरून त्या दोन खोल्यांत जे वाद झाले, ते वडील आम्हांस मोठ्या खुशीत सांगत. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरास सहा पंथांच्या मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारतीय चर्च स्थापन झाले, त्याची बातमी आली तेव्हा वडील म्हणाले होते म्हणे, की आमच्या फिटरच्या खोलीत ते आधीच झाले आहे. पुढे दरमहा एक दिवसाचा पगार बाजूला काढून त्या लोकांनी जागा घेतली, पत्र्याची शेड बांधली, आणि शेडचे चर्च केले. त्या पैशांचा हिशेब तेव्हापासून एकाच माणसाकडे होता. ते लेथवर काम करणारे होते. आम्ही मुले त्यांस काका म्हणत असू. तांबड्या कापडात बांधलेली चोपडी आणि कानावर पेन्सिल, ही त्यांची मूर्ती आम्हांस आमच्या बाप्तिस्म्याइतकी जुनी वाटते.

आता तक्रारीकडे वळू. गेल्या वर्षी छपराच्या दुरुस्तीचे काम निघाले. त्यासाठी काही वर्षे निधी जमत होता. वार्षिक सभेपूर्वी आम्ही अहवालातील आकडे जुळवून पाहिले, तेव्हा 37,000 रुपयांचा मेळ बसेना. आम्ही सभेत उभे राहिलो आणि विचारले. आकडे कागदावर लिहून नेले होते; एकेक मुद्दा बोटांवर मोजून मांडला. प्रश्न रास्त होता. सार्वजनिक विश्वस्त निधीचा जाब विचारणे हा सभासदाचा हक्क आहे, आणि कर्तव्यही आहे. परंतु उत्तर मिळाले ते असे, की सरांना हिशेबाची एवढी हौस असेल तर त्यांनी कमिटीवर यावे. मागच्या बाकांवरून हशा उठला. पुढे कोणी तरी अशी वदंता उठविली, की आम्ही धर्मादाय आयुक्तांकडे तक्रार केली आहे. शास्त्रवाचनाचे काम वीस वर्षे आमच्याकडे होते, ते न सांगता दुसऱ्यांस दिले गेले. उपासना संपल्यावर दारात हात मिळविणारे लोक आमच्या वेळी घड्याळाकडे पाहू लागले. अर्ज लिहिला तो अशाच एका रविवारी दुपारी.

आमची कन्या चाकणला एका मोटारींच्या कारखान्यात इंजिनीयर आहे. तिने मार्गही सुचविला. महामार्गाच्या कडेला एका मोठ्या सभागृहात नवी मंडळी भरते. तेथे पडद्यावर गीते दिसतात, वाद्यवृंद उत्तम आहे, प्रवचन नेमके चाळीस मिनिटे चालते. 'बाबा, तिथे भांडणं होत नाहीत,' ती म्हणाली. का होत नाहीत, असे आम्ही विचारले. क्षणभर विचार करून ती प्रामाणिकपणे म्हणाली, 'तिथे कोणी कोणाला ओळखत नाही म्हणून असेल.' आम्ही तेथे दोनदा जाऊन आलो. गीते खरोखरच चांगली होती. शेजारच्या तरुणाने आम्हांस अत्यंत आदराने जागा करून दिली, आणि त्याने आमचे नाव विचारले नाही ह्याचा आम्हांस त्या दिवशी केवढा विसावा वाटला!

घरी आल्यावर पत्नीस अर्ज वाचून दाखविला. तिने तो शांतपणे ऐकला आणि विचारले, 'कारण काय लिहिलंत?' आम्ही म्हटले, त्याची आवश्यकता नसते. ती म्हणाली, 'तुमच्या कॉलेजच्या दाखल्यावर तर रकाना असतो.' असतो खरा. विद्यार्थी महाविद्यालय सोडतो तेव्हा त्याच्या दाखल्यावर 'सोडण्याचे कारण' असा एक रकाना असतो, आणि कारकून त्यात वर्षानुवर्षे तेच तेच शब्द भरीत असतो. आमच्या अर्जात तो रकाना नव्हता. पत्नीने तो काढून दिला, आणि तेव्हापासून आम्ही तो भरीत बसलो आहो.

वस्तुतः सोडणे ही गोष्ट मराठी ख्रिस्ती माणसास नवी नाही. आमची घराणी उभी राहिली तीच मुळी कोणी तरी काही तरी सोडले म्हणून. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1895 साली मुंबईस बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांचा संसार दुभंगला. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा झाला 1900 साली. मधल्या वर्षांत त्या बाईंनी काय सोसले, ते 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्या प्रत्येक घरास ठाऊक आहे. आणि ह्याच टिळकांनी 1917 साली अमेरिकन मिशनची नोकरीही सोडली व साताऱ्यास 'देवाचा दरबार' उभारला. बाप्तिस्मा झालेला आणि न झालेला, असे दोघेही ख्रिस्ताचे शिष्य एका ठिकाणी बसावेत, ही त्यांची आकांक्षा होती. पंडिता रमाबाईंनी 1883 साली इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. परंतु ज्या भगिनींच्या आश्रयास त्या होत्या, त्यांच्याशीच मतस्वातंत्र्यासाठी पत्रांतून त्यांनी कडाक्याचा वाद केला. ह्यांची नावे घेऊन आम्ही आमच्या अर्जास आधार शोधू लागलो. इंग्रजीच्या प्राध्यापकास आधारांची वाण कधीच नसते. न्यूमनने 1845 साली इंग्लंडचे चर्च सोडले. वेस्लीने ते 1791 साली मरेपर्यंत सोडले नाही, त्याच्या अनुयायांनी मात्र पुढे वेगळी चूल मांडली. दोघेही थोर. आधार दोन्ही बाजूंनी सारखेच निघाले.

शेवटी मनात आले ते आमचे पणजोबा. ज्या वस्तीस गावाने वेशीबाहेर ठेवले होते त्या वस्तीतले ते. गावच्या विहिरीचे पाणी त्यांस पूर्वीही नव्हते. बाप्तिस्म्यानंतर भाऊबंदांच्या चुलीजवळची जागाही गेली, आणि मुलीचे लग्न ठरता ठरता मोडले. त्यांनी सोडण्याची किंमत रोख मोजली होती. टिळकांनी मोजली, रमाबाईंनी मोजली. आम्हांस मोजावयाची होती ती चाकणपर्यंतच्या पेट्रोलची. आमच्या ह्या उद्योगनगरीत सोडणे फार स्वस्त झाले आहे. नोकरी बदलते, घर बदलते, आणि एका रविवारी माणूस चर्चही बदलतो; कोणाचे काही अडत नाही. स्वस्त वस्तू वाईटच असते असे नाही. जेथे खोटे शिकविले जाते, जेथे दुर्बळांस छळले जाते, जेथे मुलेबाळे सुरक्षित नाहीत, तेथून माणसाने दाखल्याचीही वाट न पाहता निघावे; तेथे राहणे हे पाप होय. परंतु आमचा छळ झालेला नव्हता. आमचा अपमान झाला होता. ह्या दोहोंतले अंतर समजावयास आम्हांस तीन महिने लागले, ही काही भूषणाची गोष्ट नव्हे.

चौथ्या महिन्यात पिंपरीच्या भाजीबाजारात एक जुन्या ओळखीच्या बाई भेटल्या. बोलता बोलता म्हणाल्या, 'काका हल्ली चर्चला येत नाहीत, त्या सभेपासून.' आम्ही चमकलो. खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावर पन्नास वर्षे बसणारा माणूस इतके दिवस तेथे नव्हता, आणि त्याच चर्चमध्ये बसून, आपल्याला कोणी नमस्कार केला नाही ह्याची मोजदाद करणाऱ्या आम्हांस ते दिसले नव्हते! मंडळी सोडावी की नाही ह्याचा खल आम्ही टिळक-न्यूमनांसह करीत होतो. आणि आमच्यामुळे एका माणसाने अर्ज न लिहिता, दाखला न मागता ती सोडलीही होती.

त्या संध्याकाळी आम्ही त्यांच्या घरी गेलो. लहानपणापासून ते आम्हांस 'बाळ' म्हणत. त्या दिवशी म्हणाले, 'या सर, बसा.' तो एक शब्द मागच्या बाकांवरील सर्व हशापेक्षा अधिक लागला. चहा झाला. मग त्यांनी चोपडी काढली. 2020 सालच्या टाळेबंदीत कंत्राटी कामगारांची कामे गेली, तेव्हा मंडळीतील आणि मंडळीबाहेरील काही घरी त्यांनी ह्याच निधीतून किराणा पोचविला होता. 'नावं लिहिली असती तर त्यांनी घेतलं नसतं,' ते म्हणाले. दुकानदाराच्या चिठ्ठ्या त्यांनी जपून ठेवल्या होत्या. आम्ही बेरीज केली. ती 26,000 भरली. उरलेल्यांचे काय, असे आम्ही विचारले नाही. परंतु त्यांनीच चष्मा काढला व म्हटले, 'बाकीचे अकरा हजार मला आठवत नाहीत, सर. डोळे गेले, तसा हिशेबही गेला असेल. तुमचं विचारणं बरोबर होतं.'

आमचे विचारणे बरोबर होते. हे आम्ही आजही म्हणतो. हिशेब तपासनिसाने तपासावा, चोपडी दोघांच्या सहीने चालावी, आणि परवानगीवाचून निधी दुसरीकडे वळवू नये, दयेपोटीही नाही; हे आम्ही येत्या सभेत पुन्हा मांडणार आहो. परंतु तो प्रश्न भर सभेत जाण्यापूर्वी ह्या चौकटीच्या आत, ह्या चहाच्या पेल्यावर विचारावयास हवा होता. वीस वर्षे ज्या शुभवर्तमानाचे वाचन आम्ही केले, त्यात अपराधी बंधूशी प्रथम एकान्ती बोलावे असे स्पष्ट सांगितले आहे. आमचे उच्चार फार शुद्ध होते असे लोक म्हणत.

उठताना त्यांनी एकच गोष्ट विचारली. पूर्वेची खिडकी हल्ली कोण उघडते? तिची कडी अवघड आहे, ती वर उचलून मग ओढावी लागते. आम्हांस सांगता आले नाही. पुढच्या रविवारी पाहिले तर खिडकी बंदच होती. आम्ही उठून कडी वर उचलली आणि ओढली. तिसऱ्या खेपेस ती निघाली. कोणी हसले नाही.

मंडळीत राहण्याचा आमचा निश्चय झाला असे मात्र कोणी समजू नये. अर्ज अजून खणातच आहे, आणि तो फाडण्याइतके आम्ही भावविवश नाही. कमिटीचा सूर बदललेला नाही, शास्त्रवाचनही परत मिळालेले नाही. सभेत पुन्हा हशा उठेल, असाही रंग आहे. एवढे मात्र ठरले आहे, की तो रकाना जोपर्यंत आम्हांस काकांच्या समोर बसून वाचून दाखविता येत नाही, तोपर्यंत त्या अर्जावर तारीख पडावयाची नाही. येत्या रविवारी आम्ही पहाटेच्या उपासनेस जुन्या रस्त्याने न जाता त्यांच्या घरावरून जाणार आहो. ते येतीलच असे नाही. गेल्या आठवड्यात विचारले तेव्हा गुडघे दुखतात म्हणाले. तरीही, निघताना त्यांनी आम्हांस हाक मारली होती ती 'सर' अशी नव्हती.